आरोग्यविम्याचा पैसा रुग्णालयास कसा मिळतो?

‘कार्ड आहे, तरी पैसे का मागतात?’ हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आमच्या कानांवर इतक्या वेळा आला की, या वर्षीच्या स्मरणिकेत त्यावर काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविताच आम्ही ते मान्य केले. प्रश्न प्रथम ज्यांनी विचारला ते आमच्या संघाचे एक जुने सभासद. त्यांच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पहाटे देवदर्शनास निघाल्या असता पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. घरात कार्ड होते; रुग्णालय योजनेत अंगीकृत होते; शस्त्रक्रियेस मान्यताही आली. तथापि आदल्या रात्री मुलास बाजूस बोलावून सांगण्यात आले की, योजनेतला इम्प्लांट साधा असतो, चांगला हवा असेल तर चाळीस हजार रुपये वेगळे भरावे लागतील. आईचा प्रश्न होता. मुलाने पैसे भरले. पावती मिळाली ती ‘औषधे’ या नावाची.

हे योग्य झाले काय, याचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. परंतु असे का घडते, याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही. त्यासाठी रुग्णालयाच्या गल्ल्यात पैसा कोणत्या वाटेने येतो हे पाहावे लागते. आपण व्यापारी, माल कोणी घेतला यापेक्षा दाम कोण, कशाच्या हिशेबाने आणि केव्हा चुकविणार हे आपण आधी पाहतो. आरोग्यविम्याकडेही त्याच नजरेने पाहिले तर पुष्कळसे कोडे उलगडते.

वैद्यास मोबदला देण्याच्या रीती जगात शेकडो असल्याचे तज्ज्ञ सांगतात; पण त्यांच्या मुळाशी जाऊ लागले की चारच उरतात, आणि त्या चारही आपल्या वाडवडिलांना ठाऊक होत्या. पहिली कामागणिक : जितके काम तितके दाम. दुसरी उक्ती : काम संपेपर्यंतचा एकच ठराव, मग दिवस चार लागोत वा चौदा. तिसरी बलुत्याची : सुतार-लोहाराने वर्षभर कुणब्याची गरज भागवावी आणि खळ्यावर ठरलेले धान्य न्यावे, औत एकदा मोडो की दहादा. चौथी तैनातीची, म्हणजे महिन्याच्या पगाराची. गावगाड्यातल्या या चार रीतींनाच आज मोठमोठी नावे मिळाली आहेत. विशेष हे की, आमच्या अयोध्या नगरातून निघून दोन-चार मैलांचा फेरा मारला तर त्यांतील बहुतेक डोळ्यांनी पाहावयास सापडतात.

(नावाचाच उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. अयोध्या ही भगवान ऋषभदेवांसह पाच तीर्थंकरांची जन्मभूमी. तिचे नाव आमच्या या वसाहतीस मिळाले याचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र येथील रस्त्यांची स्थिती पाहता तो अभिमान पावसाळ्यात थोडा आवरता घ्यावा लागतो.)

तैनातीपासून आरंभ करू. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरची कचेरी-कुटुंबे येथे आली, आणि त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याचा पाया घातला गेला. त्या कारखान्याने आपल्या कामगारांसाठी कस्तुरबा रुग्णालय चालविले. तेथील डॉक्टर कंपनीचे पगारी. रुग्ण तपासला तरी पगार तोच, न तपासला तरी तोच. येथे नको असलेली शस्त्रक्रिया करण्याचा मोह नाही; परंतु रांग लवकर संपविण्याची निकडही नाही. सरकारी हमीदिया रुग्णालयाचा खर्चही मुख्यत्वे असाच अंदाजपत्रकातून चालतो.

सोनागिरी येथील कर्मचारी राज्य विमा रुग्णालय हे याच जातीचे, पण पैसा मात्र विम्याचा. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्राध्यापक बी. पी. अडारकर यांजकडे सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला; १९४८ साली कायदा झाला; २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. १९५४ मध्ये ती नागपुरात आली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशातच होते. त्याच वर्षी ती मुंबईसही पोहोचली. आपल्यापैकी ज्यांच्या पेढीवर दहा किंवा अधिक नोकर आहेत त्यांस ही वर्गणी ठाऊक असेलच : जुलै २०१९ पासून मालकाची शेकडा सव्वातीन व नोकराची शेकडा पाऊण. वीस हजार पगाराच्या नोकरामागे साडेसहाशे रुपये मालकाचे आणि दीडशे त्याचे, असे आठशे रुपये दरमहा जातात. वेतनमर्यादा २०१७ च्या जानेवारीपासून २१,००० रुपये ठरविली गेली. आमचे पुष्कळ व्यापारी बंधू हे आठशे रुपये ‘गेले’ असे समजतात आणि नोकर आजारी पडला म्हणजे पुन्हा खिशात हात घालतात. ज्याचे दाम आपण आधीच चुकविले आहे, ते औषध नोकरास घेऊ द्यावे, एवढेही आपण त्यास सांगत नाही. ही चूक सरकारची नव्हे.

मुंबईत मात्र याच योजनेने दुसरी रीत धरली. तेथे गिरणगावात खासगी डॉक्टरांची यादी केली गेली. कामगाराने त्यांतील एकाकडे नाव नोंदवावे आणि डॉक्टरास नावामागे वर्षाला ठरीव रक्कम मिळावी. लालबाग-परळमध्ये ‘पॅनल डॉक्टर’ हा शब्द यातूनच रूढ झाला. शब्द मूळचा विलायतेतील, १९११ च्या तेथील विमा कायद्यातला. रीत मात्र शुद्ध बलुत्याची. तिचा गुण असा की, रुग्ण निरोगी राहण्यात डॉक्टरांचे हित असते; तो जितका कमी येईल तितका डॉक्टरांचा वेळ वाचतो. दोषही नेमका तोच. येणाऱ्यास दोन गोळ्या देऊन वाटेस लावावे, अवघड दुखणे मोठ्या रुग्णालयाकडे ढकलावे, आणि यादीत नावे मात्र भरपूर जमवावीत, ही ओढ लागते. बलुतेदारावर गावाची नजर असे, पॅनलवर कोणाची?

आता मुख्य विषयाकडे वळू. आज ज्याविषयी घरोघर बोलले जाते ती आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार विनारोकड मिळावा, हा तिचा करार. बहुतेक राज्यांत खर्चाचा साठ टक्के भार केंद्राचा व चाळीस टक्के राज्याचा. आरंभी ती केवळ गरीब कुटुंबांची होती, म्हणून व्यापारी वर्गाने तिकडे पाहिले नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्नाचा विचार न करता, ती खुली झाली. तेव्हापासून आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या हाती ‘वय वंदना’ कार्ड आले आणि आमच्या बैठकीतला विषय बदलला.

पाच लाख म्हणजे पाच लाख रुपये कोणाच्या खात्यात जमा होतात, अशी समजूत आम्हांस अनेकदा आढळली. तसे काही नाही. ती केवळ मर्यादा आहे. पैसा देणारा काही राज्यांत विमा कंपनी असतो : सरकार कुटुंबामागे हप्ता भरते आणि कंपनी रुग्णालयांची बिले चुकविते. काही राज्यांत सरकारनेच मंडळ नेमून मधला विमेकरी काढून टाकला आहे. मध्य प्रदेश या दुसऱ्या पंक्तीत बसतो. येथे राज्याची आरोग्य संस्था स्वतःच दावे तपासून पैसे देते. महाराष्ट्राने विमा कंपनीची वाट धरली. तेथील राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व उपनगर अशा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सर्व राज्यात गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सोलापूर-सांगलीकडील आपले नातेवाईक ‘आरोग्यमित्र’ म्हणून ज्या माणसाचा उल्लेख करतात तो याच योजनेचा रुग्णालयातील प्रतिनिधी. आपल्याकडे त्यास आयुष्मान मित्र म्हणतात.

पैसा कोठूनही येवो, रुग्णालयाशी होणारा सौदा दोन्हीकडे उक्ताच असतो. सरकारने प्रत्येक उपचाराचा भाव छापून ठेवला आहे. २०२२ च्या यादीत अशा १,९४९ प्रक्रिया आहेत. रुग्ण आला की कार्ड व ओळख पटवावयाची. रोग आणि उपचार ठरवून संगणकावर पूर्वमान्यता मागावयाची. मान्यता आली की उपचार. घरी सोडल्यावर कागद, तपासण्या व छायाचित्रे जोडून दावा. त्या एका भावात खाट, परिचर्या, शल्यविशारद व भूल देणारा यांची फी, शस्त्रक्रियागृह, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, एवढेच नव्हे तर दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि सुटल्यानंतरचे पंधरा दिवस यांची औषधेही धरलेली असतात. घरी जाताना दिलेल्या चिठ्ठीवर बाहेरून औषधे विकत घेणारे किती सभासद ही गोष्ट जाणतात?

ज्या दुखण्यात शस्त्रक्रिया नाही, ताप असो वा न्यूमोनिया, तेथे उक्ता भाव लावता येत नाही म्हणून रोजाचा दर आहे. २०१८ च्या यादीत तो साध्या कक्षास १,८०० रुपये, तर कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षता कक्षास ४,५०० रुपये होता. पुढे दर वाढविले गेले. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तर सर्वांत मोठीचा पूर्ण भाव, दुसरीचा निम्मा व तिसरीचा पाव मिळतो. चाळीस, वीस व बारा हजारांच्या तीन कामांचे बहात्तर हजार होत नाहीत; त्रेपन्न हजार होतात. ठोक मालावर सूट देणाऱ्या आपल्या मंडळींस ही रीत नवी वाटणार नाही.

उक्त्या भावाची खरी गोम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शस्त्रक्रियेचा भाव तीस हजार आहे. धडधाकट रुग्णावर रुग्णालयाचा खर्च बावीस हजार होतो. मधुमेह वा हृदयविकार असलेल्या वृद्धावर अडतीस हजार. दहा रुग्णांत आठ पहिल्या प्रकारचे व दोन दुसऱ्या प्रकारचे आले तर जमा तीन लाख, खर्च दोन लाख बावन्न हजार, उरले अठ्ठेचाळीस हजार. रुग्णालय चालते. पण एखाद्या चतुर व्यवस्थापकाने ते दोन वृद्ध ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठविले तर? जमा दोन लाख चाळीस हजार, खर्च एक लाख शहात्तर हजार, उरले चौसष्ट हजार. काम कमी, नफा अधिक. खोटे बिल नाही, लाच नाही, कायद्याचा उघड भंगही नाही. केवळ ज्यास औषधाची सर्वांत अधिक गरज तोच दारातून परत गेला. आणि भाव जर पंचवीस हजार ठेवला असता तर दहाही रुग्ण घेणाऱ्या प्रामाणिक रुग्णालयास दोन हजारांचा तोटा आला असता. मग ते एकतर योजना सोडील किंवा ‘चांगल्या इम्प्लांट’चे पैसे मागील. आमच्या सभासदांस जो अनुभव आला त्याचा उगम येथे आहे. उगम दाखविला म्हणजे समर्थन केले असे मात्र कोणी समजू नये. ठराव करून माल देताना काटा मारणाऱ्यास ‘भाव परवडत नव्हता’ ही सबब आपल्या बाजारात चालत नाही.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे नाही. अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर विमा काढला तेव्हा रुग्णालयांस झालेला खर्च जवळजवळ तसाच भरून दिला जाई. ‘खर्च दाखवा, पैसे न्या’ म्हटल्यावर खर्च वाढणारच, तो वाढला. १९८३ साली त्यांनी निदानाप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटास एक भाव लावला. रुग्णांचे खाटेवरचे दिवस त्यानंतर झपाट्याने घटले. काहींना पुरते बरे होण्याआधीच घरी पाठवितात, अशी ओरडही झाली. म्हणून २०१२ पासून, लवकर परत दाखल व्हावे लागणारे रुग्ण ज्या रुग्णालयात अधिक, त्याचे पैसे कापण्याची रीत आली. थायलंडने २००२ साली निराळा मेळ घातला : बाहेरच्या रुग्णांसाठी माणशी ठरीव रक्कम, म्हणजे बलुते, खाटेवरच्या रुग्णांसाठी उक्ता भाव, तोही एकूण रकमेस वरून बांध घालून. आमच्या मते गरीब देशाने शिकावे ते थायलंडकडून. आपल्या आयुष्मान योजनेत मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, म्हणजे ज्याने पुढची शस्त्रक्रिया टळते ते, विम्यात नाही. खाटेवर पडल्याखेरीज विमा उघडत नाही. छत गळते तेव्हा कौल बदलण्यास पैसे नाहीत, भिंत पडल्यावर मात्र भरपाई आहे!

उक्त्या सौद्याचा दुसरा धोका अधिक भयंकर आहे. भाव कामास असल्यामुळे नसलेले काम निर्माण करण्याचा मोह होतो. २००८ पासून गरीब कुटुंबांस तीस हजारांचा विमा देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती. तिच्या कार्डावर गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याच्या तक्रारी २०१२ साली बिहारातील समस्तीपूर जिल्ह्यातून व छत्तीसगडातून आल्या आणि चौकशा झाल्या. अहिंसेचे नाव घेणाऱ्या आपणांस हे वाचून काय वाटावे ते आम्ही सांगावयास नको. पूर्वमान्यता, छायाचित्रे, शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी यांचा जो जाच डॉक्टर मंडळी सांगतात त्यामागे हा इतिहास आहे. तरीही चाळणीस भोके राहतात. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला त्यात आयुष्मान योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच दूरध्वनी क्रमांक असल्याचे आढळले. तो क्रमांक म्हणजे नुसते दहा नऊ.

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे यावे. नियम असा की, राज्यातल्या रुग्णाचा दावा पंधरा दिवसांत व परराज्यातल्याचा तीस दिवसांत चुकता व्हावा. व्यवहारात थकबाकी राहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी याच कारणाने योजनेचे रुग्ण घेणे थांबविले होते. थकबाकीचा अर्थ व्यापाऱ्यास समजावयास नको, पण आकडा मांडून पाहू. महिना दहा लाखांचे दावे करणाऱ्या रुग्णालयाचे पैसे तीन महिने उशिरा येत असतील तर तीस लाख रुपये कायमचे अडकले. शेकडा बारा दराने त्याचे व्याज वर्षास तीन लाख साठ हजार, म्हणजे एक कोटी वीस लाखांच्या उलाढालीवर शेकडा तीन. छापलेला भाव शंभर असला तरी हाती सत्त्याण्णव पडले. मोठ्या साखळी रुग्णालयास बँक उभी करते. गल्लीतल्या वीस खाटांच्या डॉक्टरास औषध दुकानदाराची उधारी हाच आधार. आणि तो औषध दुकानदार आमच्या संघाचा सभासद असतो!

हे सर्व लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांतील औषधदानाची परंपरा म्हणून आपल्या समाजाने ठिकठिकाणी दवाखाने व रुग्णालये काढली. त्यांच्या विश्वस्तांपुढे आज प्रश्न आहे : या योजनेत शिरावे काय? काहींचे मत, सरकारी उधारीत धर्मादाय बुडेल. काहींचे मत, सरकार पैसे देत असता समाजाचा पैसा का खर्चावा? आमचे मत दोहोंहून निराळे आहे. शिरावे, पण आधी आपल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा खरा खर्च काढावा. आज पुष्कळ विश्वस्तांस तो ठाऊकच नाही. मोतीबिंदूसारखी जी कामे छापील भावात बसतात ती घ्यावीत. तीन महिन्यांच्या दाव्यांइतका निधी वेगळा ठेवावा आणि त्यास हात लावू नये. गुणवत्तेचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविणाऱ्या रुग्णालयास भावावर दहा ते पंधरा टक्के अधिक देण्याची तरतूद आहे, तिचा लाभ घ्यावा. आणि दान म्हणून जमलेला पैसा ज्या ठिकाणी भाव अपुरा पडतो तेथे, म्हणजे त्या अडतीस हजारांच्या वृद्ध रुग्णावर, खर्चावा. ज्यास दुसरे रुग्णालय हिशेब पाहून परत पाठविते त्यास घेणे, हे काम धर्मादाय संस्थेखेरीज कोण करणार? बाकीचे रुग्ण कोणीही घेईल.

सभासदांनी आपल्यापुरते इतके ध्यानात ठेवावे. अंगीकृत रुग्णालयाने योजनेतील उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. मागितल्यास पूर्वमान्यतेची प्रत मागावी, भरणे भागच पडल्यास खऱ्या कारणाची पावती घ्यावी, आणि १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. सुटण्याच्या वेळी ज्या कागदावर सही घेतात तो वाचावा. न झालेल्या उपचाराखाली आपली सही जाऊ देऊ नये. उपचार कोणत्या नावाने व किती रकमेस मंजूर झाला हे विचारण्यात संकोच कसला?

आमच्या त्या सभासदांनी उशिरा का होईना, तक्रार केली. पावतीवर ‘औषधे’ असे असल्याने प्रथम ती फेटाळली गेली. नंतर इम्प्लांटच्या वेष्टनावरील चिकटपट्टी रुग्णाच्या कागदांत सापडली, आणि योजनेच्या दाव्यातही तोच क्रमांक लावलेला निघाला. एकाच वस्तूचे दाम दोनदा घेतले गेले होते. दोन महिन्यांनी चाळीस हजार रुपये परत आले. मातोश्री आता काठी घेऊन मंदिरात येतात. ते रुग्णालय अद्याप योजनेत आहे. मात्र खुबा मोडलेले वृद्ध रुग्ण कार्ड घेऊन गेले की तेथे हल्ली खाट शिल्लक नसते, असे आम्ही ऐकतो.